बिनआवाजाचा पंप

"आत जा, दार ओढून घ्या आणि हाक मारा," मगदूम म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लक्ष्मीपुरीतलं पंपांचं दुकान, दुपारची वेळ, काउंटरपाशी गिऱ्हाईकं उभी, आणि माझा नवरा मला दुकानाच्या मागच्या गोदामात जाऊन हाक मारायला सांगत होता.

"कुणाला?"

"मलाच."

"आणि काय म्हणू?"

"काहीही म्हणा. फक्त मोठ्यानं नको." जरा थांबून त्यांनी पुढचं सांगितलं. "अंगात दम नसल्यासारखी मारा."

दुकानदार शिकलगारभाईंनी प्लॅस्टिकच्या पिंपाला एक पंप जोडून ठेवला होता. पाणी पिंपातून निघून परत पिंपातच पडायचं. त्यांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. हे आमचं त्या दिवसातलं तिसरं दुकान. आधीच्या दोन दुकानांत मगदूमांनी नुसतं पंपाला कान लावून "नको" म्हटलं होतं. इथं पंप पाण्याला जोडून चालवून बघायची सोय आहे म्हटल्यावर त्यांना हे नवीन सुचलं होतं.

मी गोदामात गेले. पाइपांच्या गठ्ठ्यांमधून उभं राहण्यापुरती जागा होती. रबराचा वास येत होता. दार ओढलं. बाहेर शिकलगारभाईंनी बटण दाबलं आणि पंप घरघरायला लागला.

"अहो," मी म्हणाले.

कुणी काही बोललं नाही. मी पुन्हा म्हणाले, "अहो."

स्वतःचाच आवाज ऐकून मला शरम वाटली. चाळिशी उलटलेली बाई, पाइपांच्या ढिगात उभी राहून दम नसल्याचं सोंग करतेय. मी दार उघडलं. दाराच्या फळीला उजवा कान लावून मगदूम उभे होते, ते दचकून मागं सरकले.

"मारली का?"

"दोनदा."

"नाही आली ऐकू." ते शिकलगारभाईंकडे वळले. "याच्यापेक्षा कमी आवाजाचा दाखवा."

"साहेब, पंप हाय. आवाज तर करणारच की."

एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "वहिनी, घरात बोलणं बंद झालंय काय? पंपावरनं बोलायचं ठरवलंय जणू!" बाकीचेही हसले. मगदूम हसले नाहीत. त्यांना ते ऐकूच आलं नसावं, किंवा आलं तरी पोहोचलं नसावं. दुसऱ्या पंपाचं बिडाचं अंग ते बोटाच्या पेरानं ठोकून बघत होते.

आमचं लग्न होऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. त्याआधी मी जयसिंगपूरच्या कन्याशाळेत शिकवत होते. आईच्या आजारपणात लग्नाचं वय निघून गेलं आणि आई गेल्यावर भावानं हे स्थळ आणलं. भरतेश मगदूम, शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. पहिली बायको त्रिशला वारलेली, पदरात चंदना नावाची मुलगी. बघायला गेले तेव्हा गावाहून आलेल्या सासूबाईंनी माझा हात हातात घेतला होता. "छातीत कळ आली आणि गेली बिचारी. एवढंच." त्या एवढंच म्हणाल्या आणि मीही पुढं विचारलं नाही. दुसरेपणावर जाणाऱ्या बाईनं पहिलीची फार चौकशी करू नये, असं मला वाटायचं.

कोल्हापुरातलं त्यांचं घर म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. घर चांगलं होतं. मगदूम शब्दानं दुखवणारे नव्हते. मला अहो-जाहो करायचे. मी त्यांना तोंडावर काही म्हणत नसे, मनात मगदूमच म्हणायची. चंदना आठवीत होती, मला मावशी म्हणायची, विचारलं तेवढंच बोलायची. मी आल्यानं त्या दोघांचं काही बिघडलं नव्हतं आणि काही बदललंही नव्हतं. दोघंही सतत कसला तरी कानोसा घेत असल्यासारखी वावरायची. मी बोलत असताना मधेच मान वळवायची. टीव्हीचा आवाज अगदी बारीक. मिक्सर लावायचा तर आधी सांगून लावायचा.

आणि ते न्हाणीघर. त्याच्या दाराला आतून कडी नव्हती. म्हणजे बसवलीच नव्हती. दार नवं होतं, चौकट जुनी. चौकटीत जुन्या कडीची भोकं तेवढी होती. भिंतीवर एका जागी सिमेंट लिंपलेला ओबडधोबड गोल होता. विचारलं तर मगदूम म्हणाले, "गॅसचा गिझर होता, काढून टाकला." आता विजेवरचा गिझर होता. शॉवरही होता, पण कुणी वापरत नसे. गच्चीतली पाण्याची टाकी अगदी डोक्याला लागून, जेमतेम उंचीवर असल्यामुळं पाण्याला जोर नव्हता. त्यासाठी माळ्यावर पंप बसवलेला होता, आणि त्याच्या बटणावर काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली होती. "आवाज फार करतो," एवढंच उत्तर मिळालं. मी बादलीनं अंघोळ करायची. कडी नाही म्हणून दाराला आतून भरलेली बादली टेकवून ठेवायची.

दिवाळीनंतर माझा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. तांब्या डोक्यावर उचलणं अशक्य झालं. डॉक्टरांनी सांगितलं, गरम पाण्याची धार खांद्यावर घ्या. एके सकाळी मगदूम खाली दूध आणायला गेलेले आणि चंदना अभ्यास करत होती. मी ती काळी पट्टी सोलून काढली आणि बटण दाबलं.

माळ्यावर पंप जागा झाला. तो आवाज मी आजही सांगू शकत नाही. आधी कण्हल्यासारखा, मग चढत चढत एका उंचीवर जाऊन तिथंच ओरडत राहिला. पण धार छान होती. मी खांदा त्या धारेखाली धरला, डोळे मिटले, आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं.

मग दारावर धडका बसायला लागल्या.

"उघड! दार उघड! ओ का देत नाहीस?"

दाराशी बादली होती, त्यामुळं ते उघडत नव्हतं. मी नळ बंद करून अंगाला साडी गुंडाळेपर्यंत बादली कलंडली, दार सपाट्यानं उघडलं आणि मगदूम आत आले. त्यांच्या पायावर, पँटवर दूध सांडलेलं होतं. त्यांनी माझे दोन्ही दंड धरले, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि हात काढून घेतले. तसेच बाहेर गेले. पॅसेजच्या टोकाला चंदना कानांवर हात दाबून उभी होती.

त्या दिवशी मगदूमांनी स्वतः माळ्यावर चढून पंप उपसून काढला आणि भंगारवाल्याला देऊन टाकला. मी म्हटलं, जाऊ दे, मी बादलीच घेईन. ते मान खाली घालून बसले होते. "नाही. तुमच्या खांद्याला शॉवर लागणार. नवीन आणू." मग उठता उठता म्हणाले, "पण आवाज न करणारा."

म्हणून आम्ही लक्ष्मीपुरीत आलो होतो.

दुसऱ्या पंपाच्या वेळीही त्यांना माझी हाक ऐकू आली नाही. शिकलगारभाई आता गंमत सोडून जरा गंभीर झाले होते. त्यांनी आतल्या खोक्यातून एक बुटका, जाड पंप काढला. "हे बघा साहेब, याला मागं पंखाच नाही. आतनं जाणारं पाणीच मोटार थंड करतं. आवाज होतो तो पंख्याचा. पंखा नाही, तर आवाज कशाचा? फक्त माळ्यावर नका ठेवू. वर टाकीपाशी ठेवा, खाली रबर घाला, आणि जोडायला कडक पाइप नको, वळणारी नळी घाला. मग थरथर खाली घरात उतरत नाही."

"घ्या, जोडा."

"आता मी आत जाणार नाही," मी म्हणाले.

मगदूम माझ्यापाशी आले. लोक ऐकत होते म्हणून आवाज खाली आणून म्हणाले, "एकदाच. हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले नव्हते, पण बोलणं तसंच होतं. मी पुन्हा त्या पाइपांमध्ये जाऊन उभी राहिले. दार ओढलं. पंप चालू झाला की नाही, हे मला आधी कळलंच नाही. पिंपात पाणी पडल्याचा आवाज तेवढा येत होता. मला रडू येत होतं, रागाचं. त्यामुळं या वेळी दम नसल्याचं सोंग करावं लागलं नाही.

"अहो..."

माझा शब्द पुरा व्हायच्या आत दार उघडलं. मगदूम समोर उभे होते. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. कपाळावर घाम होता आणि ओठ हलत होते.

"आली," ते म्हणाले. "ऐकू आली." मग शिकलगारभाईंकडं न बघताच म्हणाले, "हाच बांधा."

स्कूटरवर पंपाचं खोकं मी मांडीवर धरलं होतं. रंकाळ्याच्या बाजूनं वारं येत होतं आणि मी मनात सामान भरत होते. हा माणूस वाईट नाही, पण याच्या घरात मला राहता येणार नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. शाळेत माझी जागा अजून भरली नव्हती. भाऊ दार लावून घेणारा नव्हता.

घरी आल्यावर मी सरळ सांगितलं, "मी जयसिंगपूरला जाते आहे. दादाकडे."

मगदूम चपला काढत होते. "किती दिवस?"

"ते नाही ठरवलं."

ते तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, "बरं. तोवर मी पंप बसवून घेतो." आणि दुसऱ्या पाळीला कामावर निघून गेले. मला थांबवण्यासाठी ते काही बोलतील असं मला वाटत होतं की काय, कोण जाणे. त्यांच्या जाण्यानं मी आणखीच चिडले.

मी बॅग पलंगावर उघडून साड्या भरायला घेतल्या. एका हातानं नीट घडीही होत नव्हती. चंदना दारात येऊन उभी राहिली. मग आत आली आणि साडीचं दुसरं टोक धरून मला घडी घालू लागली.

"मावशी, पप्पांनी दुकानात काय केलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं; लोक हसले तेही. लहान मुलीला बापाबद्दल असं सांगू नये, पण माझ्यानं राहवलं नाही. "मला गोदामात कोंडून हाका मारायला लावल्या. दम नसल्यासारख्या. का, ते विचारायची सोय नाही. या घरात कशाचंच का विचारायची सोय नाही."

चंदनानं घडी घातलेली साडी बॅगेत ठेवली. "तुमची हाक त्यांना ऐकू आली का?"

"तिसऱ्या पंपाला आली."

गणिताचं उत्तर जुळल्यावर मुलं मान हलवतात तशी तिनं मान हलवली. मग ती पलंगाच्या कडेला बसली.

"आई बाथरूममध्ये गेली," ती म्हणाली. "म्हणजे तिथं वारली. आजीनं तुम्हाला छातीत कळ आली म्हणून सांगितलंय ना? तसं नाही झालं. आजीनं आम्हाला तसं सांगायला लावलं."

मी तिच्याशेजारी बसले.

"मी चौथीत होते. रविवार होता, थंडी होती. आईनं खिडकी बंद केलेली होती. ती केस धुवायला गेली की तिला वेळ लागायचा, ते आम्हाला माहीतच होतं. गिझर चालू, पंप चालू. पप्पा बाहेर पेपर वाचत होते. मी पॅसेजमध्ये पत्त्यांचा बंगला करत होते. बंगला करताना हलायचं नसतं ना. तेव्हा मला वाटलं, आईनं हाक मारली. चंदा म्हणून. अगदी हळू. मी पप्पांना म्हणाले, पप्पा, आई हाक मारतेय. पप्पांनी पेपरमधनं वर बघितलं नाही. म्हणाले, पंपाचा आवाज आहे तो."

ती थांबली. बाहेर कुणीतरी जिन्यानं वर येत होतं. पावलं वरच्या मजल्यापर्यंत न येता खालीच थांबली.

"मग मलापण तसंच वाटलं. तो पंप तसाच ओरडायचा, माणसासारखा. तुम्ही ऐकलाय की."

"मग?"

"मग माझा बंगला पूर्ण झाला," चंदना म्हणाली. "पूर्ण झाला म्हणून आईला दाखवायला मी दारावर थाप मारली."

मी तिचा हात धरला. तो गार होता. तिनं काढून घेतला नाही.

"गिझरच्या गॅसनं झालं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला वास नसतो. माणसाला कळतच नाही, नुसती चक्कर येते. पप्पांनी दार फोडलं तेव्हाही पंप चालूच होता. खूप माणसं आली, मोठमोठ्यानं बोलत होती, आणि वर पंप चालूच. शेवटी खालच्या काकांनी बंद केला. पप्पा त्यानंतर त्यावर एक शब्दसुद्धा बोललेले नाहीत. मीपण नाही." तिनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, तिनं खरंच हाक मारली होती का? का पंपच होता?"

शाळेत इतकी वर्षं मुलींच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती.

"मला नाही माहीत, चंदा."

"पप्पांनाही नाही माहीत," ती म्हणाली. "म्हणून ते असे करतात."

मी बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावल्या. चंदना एकेक हातात देत होती. त्या रात्री मगदूम पाळी संपवून आले, तेव्हा दारातच थबकले. आत दिवा आहे, भांड्यांचा आवाज आहे, हे त्यांनी दाराबाहेर उभं राहून ऐकलं असावं. आत आल्यावर त्यांनी मला बघितलं. हात-पाय धुऊन जेवायला बसले.

पुढच्या रविवारी प्लंबर आला. मगदूमांनी त्याच्या बरोबरीनं गच्चीवर उभं राहून सगळं करून घेतलं. टाकीपाशी ओटा, ओट्यावर रबर, वळणारी नळी. खाली आल्यावर न्हाणीघराची खिडकी त्यांनी पूर्ण उघडली आणि पुन्हा मिटू नये म्हणून तिला तार बांधली. मग मला म्हणाले, "बघा पाणी येतंय का."

मी आत गेले. दाराला बादली टेकवली नाही.

नळ फिरवला. पाणी जोरात आलं आणि दुसरं काहीच झालं नाही. माळा गप्प होता. फरशीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा. मी खांदा धारेखाली धरला. हळूहळू त्या पाण्यापलीकडचंही ऐकू यायला लागलं. खिडकीच्या गजावर पारवा फिरत होता. स्वयंपाकघरात चंदना बशीत चमचा फिरवत होती. पॅसेजमध्ये कुणीतरी खुर्ची आणून ठेवली, आणि खुर्चीत बसल्याचा आवाज आला. पेपर उलगडला.

मी केसांना शिकेकाई लावत होते. इतक्यात बाहेरून मगदूम म्हणाले, "झालं का गं?"

मला वाटलं, चंदनाला म्हणाले असतील. मला त्यांनी कधी 'गं' म्हटलं नव्हतं.

"त्रिशला," ते म्हणाले, "झालं का गं?"

मोठ्यानं नव्हते म्हणाले. पेपर वाचता वाचता, वर न बघता, दाराआडच्या माणसाला रोज विचारावं तसं विचारलं. भट्टीजवळ आयुष्य गेलेल्या माणसाला डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नव्हतं. आपण मनात बोललो की तोंडानं, हे त्यांना कळलंही नसेल. स्वयंपाकघरातला चमचा थांबला होता.

माझ्या डोळ्यांत शिकेकाई जात होती. मी नळाला हात लावला नाही. पंप चालू होता आणि चालू असल्याचं कुणालाही कळत नव्हतं. बाहेर पेपरचं पानही उलटत नव्हतं. ते वाट बघत होते. त्या दाराआड कुणी गप्प राहिलं तर काय होतं, हे मला आता ठाऊक होतं.

"झालंच," मी म्हणाले. "आले हं."

बाहेर एक लांब श्वास सुटला. मग पेपरचं पान उलटलं.

मी बाहेर आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. मगदूम गॅलरीत पाठमोरे उभे राहून टॉवेल दोरीवर टाकत होते. "तुम्हाला पाणी नीट आलं का?" त्यांनी विचारलं. तुम्हाला.

"आलं."

"खांदा?"

"बरं वाटतंय."

चंदनानं माझ्यासाठी उप्पीट वाढून ठेवलं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती उठून माझ्या मागं आली आणि कोरडा पंचा घेऊन माझे केस टिपायला लागली, कारण माझा हात वर जात नव्हता.

माझा खांदा उन्हाळ्यापर्यंत सुटला. पण शॉवर मी सोडला नाही आणि मगदूमांनी खुर्ची हलवली नाही. रोज सकाळी पेपर यायचा, मी आत जायची, थोड्या वेळानं बाहेरून विचारणा व्हायची. नाव तेच. मी उत्तर द्यायची. कधी "आले", कधी "दोन मिनिटं", कधी चिडून "अहो, केस तरी धुऊ द्या". दिवसभर मी राजमती होते, त्यांची दुसरी बायको. ते माझ्याशी नीट वागायचे, आजारपणात उशाशी बसायचे, माझ्या भावाच्या मुलाच्या मुंजीपासून लांबच्या नात्यातल्या कार्यापर्यंत सगळीकडं मला घेऊन जायचे. सकाळचा तो प्रश्न तेवढा माझ्यासाठी नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी एक तर त्यांना वेडं ठरवलं असतं नाही तर मला.

एक मात्र सांगते. कधी कधी डोक्यावरून पाणी वाहत असताना बाहेरून त्रिशलाची हाक यायची आणि मी मुद्दाम एक क्षण थांबायची. वाटायचं, प्रश्न तिला विचारलाय, तर उत्तर तिलाच देऊ द्यावं. मी डोळे मिटून कान द्यायची. खिडकीतून वारं यायचं, फरशीवर पाणी वाजायचं. कुणीतरी माझ्याइतकंच थांबलं आहे असं वाटायचं. कुणी बोलायचं नाही. मग मी बोलायची.

चंदना शिकायला पुण्याला गेली, तिकडेच नोकरीला लागली, लग्नही तिकडेच केलं. माहेरी आली की ती सकाळी पॅसेजमध्ये येत नसे, स्वयंपाकघरातच थांबायची. मगदूम निवृत्त झाले, उजव्या कानानंही कमी ऐकू यायला लागलं, तशी खुर्ची दाराच्या आणखी जवळ आली. मला उत्तर जरा मोठ्यानं द्यावं लागायचं, इतकंच.

ती सकाळ साधीच होती. सण नाही, वार नाही. मी केस धूत होते. बाहेर पेपर उलगडला, घसा खाकरला, आणि मगदूम म्हणाले,

"राजमती, झालं का गं?"

मी उभीच राहिले. खरं सांगायचं तर मला कळलंच नाही की हाक मला आहे. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी दुसऱ्या नावाची वाट बघत होते. आता ते येईल, मग मी ओ देईन. पाणी वाहत राहिलं. ते नाव आलं नाही. मला एकदम न्हाणीघर फार मोठं आणि मोकळं वाटलं, कुणीतरी नुकतंच निघून गेल्यासारखं.

बाहेर खुर्ची मागं पडली. दारावर थाप बसली, मग दुसरी.

"राजमती! ए राजमती! ओ का देत नाहीस?"

"आहे," मी ओरडले. तोंडात पाणी गेलं, ते थुंकून पुन्हा ओरडले, "आहे हो! मी आहे!"